नक्कल फाईलची घ्या, चित्राची नव्हे!

कोर्टकचेरीत ज्याने एकदा तरी हेलपाटे घातले आहेत, त्याला 'नक्कल' या शब्दाचे मोल सांगावे लागत नाही. सातबाराची नक्कल, फेरफाराची नक्कल, निकालपत्राची नक्कल. अर्ज करायचा, स्टॅम्प लावायचा, चार चकरा मारायच्या आणि मग शिक्का-सहीचा कागद हाती पडतो. त्या शिक्क्याला किंमत आहे, कारण हा कागद मुळाबरहुकूम आहे याची हमी कोणीतरी जबाबदार माणूस घेत असतो. तोच मजकूर कोणी घरी बसून वहीत उतरवून आणला तर अक्षर न् अक्षर जुळत असूनही कोर्ट त्याकडे ढुंकून पाहत नाही.

आता कागदाच्या जोडीला फोटो आला आहे. मारहाणीत फुटलेल्या डोक्याचा फोटो, जाळलेल्या छपराचा फोटो, गायरानातल्या उभ्या पिकाचा फोटो, शाळेच्या जुन्या रजिस्टरच्या पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो. हा फोटो मोबाईलमधून कॉम्प्युटरमध्ये जातो, तेथून पेन ड्राईव्हमध्ये, तेथून वकिलाकडे आणि शेवटी न्यायाधीशांच्या टेबलावर. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर त्याची नक्कल होते. ती नक्कल शिक्क्याची आहे की वहीत उतरवलेली, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की, कॉम्प्युटरवर फोटोची नक्कल दोन प्रकारांनी होते. एका प्रकाराने पुरावा टिकतो, दुसऱ्याने तो जातो. दोन्हींचा फरक समजून घ्यायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. लिनक्सवर चालणारा एखादा जुना कॉम्प्युटर आणि अर्धा तास एवढे पुरते.

जालन्याचाच खटला

नक्कल म्हणजे काय, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो आमच्या जालन्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल आणि एक मतदार यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केल्या. त्यांचे म्हणणे असे की, २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत उलटल्यानंतर उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला. निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांनी त्या दिवसाचे चित्रण केलेले होते. न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या सीडी आल्या. पण सीडी ही नक्कल! मूळ चित्रणाबरहुकूम ती आहे, असे प्रमाणपत्र जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब प्रमाणे लागत होते. याचिकाकर्त्यांनी ते वारंवार मागितले, अधिकाऱ्यांनी दिले नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने निकाल दिला. आज देशातील प्रत्येक कोर्टात हा निकाल 'अर्जुन पंडितराव खोतकर' या नावाने वाचला जातो. त्यातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, ज्या यंत्रात चित्र मुळात साठवले गेले ते मूळ यंत्रच, म्हणजे मोबाईल किंवा लॅपटॉप, मालकाने साक्षीला उभे राहून कोर्टापुढे ठेवले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. दुसरी, नक्कल दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र सक्तीचे आहे, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. तिसरी, प्रमाणपत्र देणारा दुसऱ्याच्या ताब्यातला अधिकारी असेल आणि पक्षकाराने आपल्याकडून सर्व प्रयत्न केले असतील, तर कायदा त्याला अशक्य गोष्ट करायला लावत नाही. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी ते प्रयत्न केले होते म्हणून ते तरले.

आता विचार करा. आमदारकीच्या खटल्यात मोठे वकील उभे असतात, पाच-सहा वर्षे लढण्याची ताकद असते. राजूरच्या एखाद्या मजुराच्या मारहाणीच्या खटल्यात काय होईल? फोटो त्याच्याच मोबाईलमध्ये होता, प्रमाणपत्रावर सही करणे त्याच्याच हाती होते. त्याला तिसऱ्या मुद्द्याचा आधार कसा मिळणार?

नव्या कायद्याने मागितलेला ठसा

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा अधिनियम गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्याच अनुसूचीत छापलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने भरायचा. यंत्र मोबाईल आहे की पेन ड्राईव्ह, त्याची बनावट, रंग, अनुक्रमांक, मोबाईल असेल तर आयएमईआय क्रमांक, हे सारे त्यात लिहावे लागते. आणि एक नवीच गोष्ट मागितली आहे, ती म्हणजे फाईलची 'हॅश व्हॅल्यू'.

हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. कॉम्प्युटर फाईलमधील प्रत्येक बिंदू-बाईट एका गणिती सूत्रातून काढतो आणि ठरावीक लांबीची एक संख्या देतो. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. ० ते ९ अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे एवढीच चिन्हे त्यात येतात. फोटोतला एक ठिपका बदलला तरी पूर्ण संख्या बदलते. फाईलचे नाव बदलले, फोल्डर बदलला, पेन ड्राईव्ह बदलला तरी ती तीच राहते. कायद्याच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ या तीन पद्धतींची नावे आहेत आणि 'इतर' अशी चौथी जागा आहे. आमचा सल्ला एसएचए-२५६ चाच आहे. कारण दोन वेगळ्या फाईलींना एकच एमडी-५ ठसा आणता येतो हे २००४ साली आणि एसएचए-१ बाबत तेच २०१७ साली तज्ज्ञांनी करून दाखवले आहे. विरुद्ध पक्षाच्या वकिलाला बोट घालायला फट कशाला ठेवायची?

दुकानात काय होते?

भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीचे गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, जालना-भोकरदन रस्ता माणसांनी फुलून जातो. एरवी मात्र आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतली माणसे राजूरला येतात ती बाजाराला, दवाखान्याला, बँकेत आणि झेरॉक्सच्या दुकानात. फॉर्म भरणे, सातबारा काढणे, फोटोची प्रिंट घेणे ही सर्व कामे तेथेच होतात. आमच्याकडे येणारे बहुतेक पक्षकार फोटोची प्रिंट अशाच कुठल्या तरी दुकानातून काढून आणतात.

तेथे घडते ते असे. माणूस मोबाईलमधला फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेतच आवळले जाते, त्याचा आकार घटतो आणि कॅमेऱ्याने फाईलच्या पोटात लिहिलेली वेळ, कॅमेऱ्याचे नाव, जागेचे अक्षांश-रेखांश या नोंदी गळून पडतात. या नोंदींना 'एक्झिफ' म्हणतात. दुकानदार ते चित्र उघडतो, उजवे बटण दाबून 'कॉपी इमेज' करतो आणि लिहिण्याच्या कोऱ्या पानावर 'पेस्ट' करतो. चार फोटो एका पानावर बसवतो, कडा छाटतो, उजळपणा वाढवतो आणि प्रिंट देतो. दुकानदाराचा यात काय दोष? त्याच्याकडे प्रिंट मागितली, त्याने प्रिंट दिली.

पण त्यानंतर माणूस घरी जातो, मोबाईलची मेमरी भरली म्हणून मूळ फोटो पुसून टाकतो किंवा मोबाईलच विकून टाकतो. तारखेवर तारखा पडतात. दोन वर्षांनी साक्ष निघते तेव्हा हाती उरलेली असते ती कागदावरची धूसर प्रिंट. 'हा फोटो कधीचा? कशावरून याच प्रसंगाचा? मूळ फाईल कुठे आहे?' या उलटतपासणीला त्याच्याजवळ उत्तर नसते. जखम खरी होती, मारणारे खरे होते, फोटोही खरा होता. वहीत उतरवलेली नक्कल मात्र उभी राहत नाही.

लिनक्सच का?

कोणी विचारील, हे सर्व विंडोजवर होत नाही काय? होते. मग आम्ही लिनक्सचा आग्रह का धरतो? पहिले कारण पैशाचे. लिनक्स फुकट मिळते, आणि चोरून नव्हे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. त्याच्या आधीच १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली होती. १९८९ मध्ये त्यांनी तयार केलेला जीपीएल हा परवाना पुढे लिनक्सने स्वीकारला. तो परवाना वाचणारा वकील चकित होतो. इतर कंपन्यांचे करारनामे नक्कल करायला मनाई करतात, हा करारनामा नक्कल करण्याचा, वाटण्याचा, आत काय आहे ते उघडून पाहण्याचा आणि त्यात बदल करण्याचा हक्क देतो. एका सीडीवरून शंभर कॉम्प्युटरवर चढवा, कोणताही कायदा मोडत नाही.

दुसरे कारण जुन्या यंत्रांचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ थांबवले. विंडोज ११ ला जे सुरक्षेचे सुटे भाग लागतात ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये नाहीत. शाळेत, वाचनालयात, विहारात देणगीतून आलेले असे कॉम्प्युटर गावोगाव धूळ खात पडले आहेत. त्यांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट चढवले की ते या कामापुरते पुन्हा उभे राहतात. मेनू मराठीतून लावता येतात. शिकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही तयार केले आहेत.

तिसरे कारण आम्हा वकिलांना विशेष वाटते. ज्या कोर्टात आपला पुरावा जाणार, त्या कोर्टाचा कारभारही लिनक्सवरच चालतो. २००७ पासून सुरू असलेल्या ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांना उबुंटू लिनक्सचे लॅपटॉप दिले गेले. जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची नोंद ठेवणारी 'सीआयएस' प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त सॉफ्टवेअर वापरून तयार केली. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. न्यायव्यवस्था जे वापरते ते राजूरच्या कार्यकर्त्याने का वापरू नये?

कॉपी म्हणजे नेमके काय होते?

लिनक्सच्या डेस्कटॉपवर 'फाईल्स' नावाची खिडकी असते. त्यात फोटोच्या फाईलवर एकदा टिचकी मारून कंट्रोल आणि सी ही कळ दाबली की 'कॉपी' झाली असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्या क्षणी काहीही हललेले नसते. कॉम्प्युटर फक्त त्या फाईलचा पत्ता लक्षात ठेवतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही दाबल्यावर तो त्या पत्त्यावर जातो आणि फाईल बाईटबरहुकूम उतरवून घेतो. म्हणूनच कॉपी करून पेस्ट करण्याआधी पेन ड्राईव्ह उपसला तर काहीच मिळत नाही. पण पेस्ट नीट झाली तर मिळते ती शिक्क्याची नक्कल. ठसा तोच, पोटातली एक्झिफ नोंद तीच.

आता दुसरा प्रकार पाहा. फोटो चित्र पाहण्याच्या खिडकीत उघडला आणि तेथे 'कॉपी' केले, तर फाईलचा पत्ता घेतला जाईलच असे नाही. बहुतेक ठिकाणी पडद्यावर मांडलेले रंगांचे ठिपके उचलले जातात. ते लिब्रेऑफिसच्या पानावर किंवा जिम्प या चित्रांच्या प्रोग्रामात पेस्ट केले की एक नवेच चित्र जन्माला येते. डोळ्याला ते हुबेहूब दिसते, पण फाईल वेगळी, ठसा वेगळा, वेळेची नोंद गायब. पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, हाही याच जातीचा. शिवाय ज्या खिडकीतून चित्र उचलले ती पेस्ट करण्यापूर्वीच बंद केली तर पुष्कळदा हाती काहीच लागत नाही, कारण उचललेले चित्र त्या प्रोग्रामनेच धरून ठेवलेले असते.

पत्रक छापायचे आहे, मोर्चाचा फलक करायचा आहे, बातमीसोबत फोटो द्यायचा आहे, तर दुसऱ्या प्रकारची नक्कल खुशाल वापरा. पुरावा म्हणून ठेवायचा फोटो मात्र फाईल म्हणूनच उचलला पाहिजे. हा भेद ज्याला कळला त्याला या लेखाचा सार कळला.

कार्यकर्त्याने करावयाचे काम

फोटो काढणारा मोबाईल डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा. मोबाईलच्या पडद्यावर 'फाईल ट्रान्सफर' निवडा. खिडकीच्या कडेला मोबाईलचे नाव दिसते. त्यात 'डीसीआयएम' आणि त्यात 'कॅमेरा' या फोल्डरात मूळ फोटो असतात. कॉम्प्युटरवर आधी एक नवा फोल्डर करा आणि त्याला तारीख व गावाचे नाव द्या. लिनक्सवर मराठी नाव चालते. मग हवे ते फोटो निवडून कॉपी करा आणि नव्या फोल्डरात पेस्ट करा. 'कट' करू नका, कारण मूळ मोबाईलमध्येच राहिले पाहिजे.

केबल नसेल आणि फोटो व्हॉट्सॲपनेच पाठवावा लागत असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तशाने फाईल न आवळता पोहोचते.

पेस्ट करताना कॉम्प्युटर कधी कधी विचारतो की या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवू काय? घाईत 'रिप्लेस' दाबले की जुनी फाईल गेली. कॅमेऱ्याचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे दोन वेगळ्या दिवसांच्या दोन वेगळ्या फोटोंचे नाव एकच असू शकते. अशा वेळी नाव बदलून ठेवण्याचा पर्याय निवडावा किंवा प्रत्येक प्रसंगाचा फोल्डर वेगळा ठेवावा. आणखी एक लक्षात ठेवा. एकाच डिस्कवर फाईल माऊसने ओढून दुसऱ्या फोल्डरात टाकली तर ती हलते, तिची नक्कल होत नाही. ओढताना कंट्रोल कळ दाबून धरली तर नक्कल होते. यापेक्षा कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही हा सरळ रस्ता बरा.

पेन ड्राईव्हवर नक्कल घेताना घाई करू नका. लिनक्स आधी फाईल आपल्या स्मृतीत घेतो आणि मग सावकाश पेन ड्राईव्हवर लिहितो. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली तरी आत लिहिणे चालूच असू शकते. पेन ड्राईव्हच्या नावापुढे 'बाहेर काढा' अशी खूण असते, ती दाबून काढण्यास हरकत नाही असा निरोप आल्यावरच तो उपसावा. अर्धा फोटो नीट आणि अर्धा राखाडी, अशा फाईली बऱ्याच वेळा या घाईतूनच तयार होतात.

मग ठसा घ्या. 'टर्मिनल' नावाची काळी खिडकी उघडा. भिण्याचे काही कारण नाही. त्यात रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत 'एसएचए२५६सम' हा एक सलग शब्द टंकित करा, एक जागा सोडा, फोटोची फाईल माऊसने ओढून त्या खिडकीवर सोडा आणि एंटर दाबा. ६४ चिन्हांचा ठसा समोर येतो. केडीई डेस्कटॉपवर तर टर्मिनलचीही गरज नाही, डॉल्फिन या खिडकीत फाईलच्या गुणधर्मांतच 'चेकसम' हे पान असते. मूळ फाईलचा आणि पेन ड्राईव्हवरील नकलेचा ठसा काढून दोन्ही जुळवा. जुळले की नक्कल पक्की.

हा ठसा कागदावर छापून घ्या आणि पोलीस ठाण्यात किंवा तहसीलमध्ये जी तक्रार देता, त्या तक्रारीतच लिहा की, 'सोबतच्या फोटोच्या फाईलचा एसएचए-२५६ ठसा असा आहे.' तक्रारीची पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का असतो. पुढे कोणी म्हणाले की फोटो नंतर बनवला, तर त्या तारखेला तो ठसा तुमच्या अर्जात होता ही गोष्ट कोणाला नाकारता येणार नाही.

मूळ फाईल कधी फिरवू नका, छाटू नका, उजळ करू नका. जे करायचे ते दुसऱ्या नकलेवर करा. तीन नकला तीन जागी ठेवा, एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राईव्हवर आणि एक गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे. घर जाळणारे कॉम्प्युटर वेगळा ठेवत नाहीत!

ठशाची मर्यादाही ओळखा

ठसा म्हणजे जादू नव्हे, हेही आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. ठसा घेतल्यापासून फाईल बदललेली नाही, एवढेच तो सांगतो. फोटोत दिसते ते खरे आहे काय, तो कोणी काढला, कुठे काढला, हे सांगायला माणूसच साक्षीला उभा राहावा लागतो. मोबाईलची तारीख चुकीची लावलेली असेल तर एक्झिफमधली तारीखही चुकीचीच असणार. म्हणून फोटो काढणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मोबाईलची तारीख तपासा.

जुन्या कागदाच्या फोटोचेही तसेच. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचे पान, कोतवाल बुकाची नोंद, निजामाच्या काळातील उर्दू वा मोडी कागद यांचा फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. जातवैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. असा कागद घरात असेल तर तो जपायचाच, पण वाळवी, पूर आणि भाऊबंदकी यांनी तो गेला तर कोठे काय लिहिले होते हे शोधायला त्याची चांगली फाईल हाती असावी. अशा एका ओळीची किंमत आता सर्वांनाच कळली आहे. २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे जुन्या नोंदींसाठी उलगडली गेली. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कागदच येऊ दिला गेला नाही, त्यांनी तर असलेला एकेक कागद डोळ्यात तेल घालून सांभाळला पाहिजे.

गायरानाचेही तेच. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. पण कसणाऱ्याजवळ दंडाची पावती नाही, एक-ई नमुन्यातील नोंदीची नक्कल नाही, म्हणून दावे अडतात. त्या पावत्या आज हाताशी असतील तर त्यांचे फोटो आजच काढा, फाईल म्हणून जपा.

तज्ज्ञ कोठून आणायचा?

शेवटी शासनाला आणि न्यायव्यवस्थेला एक रोखठोक प्रश्न. प्रमाणपत्राच्या भाग ब वर तज्ज्ञाची सही हवी असे कलम ६३ म्हणते, पण तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण हे ते कलम सांगत नाही. मुंबई-पुण्याच्या पक्षकाराला पैसे मोजून तज्ज्ञ मिळेल. राजूरच्या शेतमजूर बाईने तो कोठून आणायचा? एका फोटोच्या ठशासाठी तिने छत्रपती संभाजीनगरच्या वाऱ्या करायच्या काय? जे काम फुकटच्या लिनक्सवर मिनिटभरात होते, त्यासाठी गरिबाचा पुरावा बाहेर राहणार असेल तर कायद्यापुढील समानता कागदावरच राहील.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुका विधी सेवा समितीकडे एक लिनक्सचा कॉम्प्युटर आणि ठसा काढून भाग ब भरून देण्यास अधिकृत केलेला एक माणूस असावा, आणि ही सेवा मोफत असावी. भोकरदनच्या कोर्टात ही सोय झाली तर तालुक्यातील कोणालाही दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावे लागणार नाही. वकील संघांनी आणि कार्यकर्त्यांनी ही मागणी लेखी करावी, तिचा पाठपुरावा करावा.

ती मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. भाग अ आपल्या हाती आहे. मूळ मोबाईल जपणे आपल्या हाती आहे. गावातला पडून असलेला कॉम्प्युटर उघडून त्यावर लिनक्स चढवणे आणि दहावी-बारावीच्या दोन मुला-मुलींना हे काम शिकवणे हेही आपल्याच हाती आहे. येत्या रविवारी ज्या गावात कॉम्प्युटर आहे तेथील कार्यकर्त्यांनी एवढे करून पाहावे. एका फोटोची नक्कल दोन्ही प्रकारांनी घ्यावी, एकदा फाईल म्हणून आणि एकदा चित्र म्हणून. दोन्हींचा ठसा काढावा आणि तो सर्वांसमोर वाचून दाखवावा. पहिला मुळाशी जुळेल, दुसरा जुळणार नाही. एवढे पाहिलेला माणूस पुन्हा कधी आपला पुरावा केवळ प्रिंटच्या भरवशावर सोडणार नाही.